त्रेचाळिसावा भागदाखला: एका गृहनिर्माण संस्थेच्या दप्तराचे प्रकरण

जानेवारी २०२२ मधील एका रविवारी, पुण्याच्या पश्चिम भागातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पार्किंगमध्ये, मावळत्या समितीने नव्या समितीकडे दप्तर सोपवले. तीन इमारती, ४२ सदनिका, १९९६ ची नोंदणी आणि अजून बिल्डरच्याच नावावर असलेली जमीन, अशी ही चारचौघींसारखी संस्था. हस्तांतराची यादी एका फुलस्केप कागदावर लिहिलेली होती व तिच्यात १४ नोंदी होत्या. त्यांपैकी १३ नेमक्या होत्या: टाकीच्या झाकणांच्या किल्ल्या, लिफ्टच्या करारांची फाइल, वापरलेल्या चेकबुकांचे गठ्ठे, २०१४ पर्यंतची हाताने लिहिलेली कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि त्यापुढील हिशेबांच्या संगणकीय प्रती, असे सारे त्यांत होते. चौदावी नोंद मात्र एवढीच होती: ‘इतर कागदपत्रे – एक पोते’. मी नव्या समितीत खजिनदार म्हणून निवडून आले होते आणि पुढच्या दोन वर्षांतले माझे बहुतेक रविवार या चौदाव्या नोंदीतच गेले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० प्रमाणे नवी समिती व तिचा अध्यक्ष निवडला गेला, की मावळत्या अध्यक्षाने समितीचा कार्यभार, सर्व कागदपत्रे आणि संस्थेची मालमत्ता नव्या अध्यक्षाच्या हवाली करावयाची असते. त्याने तसे केले नाही, तर निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, लेखी आदेश देऊ शकतात, आणि तोही मानला नाही तर कलम ८० प्रमाणे दप्तर जप्त करण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आमच्याकडे यातले काहीच घडले नाही. अध्यक्षांनी हातात होते तेवढे सगळे त्याच दिवशी दिले. अडचण अशी, की कलम १६० असलेले दप्तर देण्याविषयी बोलते. जे दप्तर कधी लिहिलेच गेले नाही, ते देणार कसे, याचे उत्तर त्यात नाही.

येथेच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आधीच्या समितीने पैशांचा अपहार केला नव्हता. प्रत्येक वर्षी लेखापरीक्षण झाले होते, बँकेची शिल्लक पैशापैशाने जुळत होती आणि अध्यक्ष व सचिव हे दोघेही सत्तरी ओलांडलेले गृहस्थ १५ वर्षे एक रुपया मानधन न घेता राबत होते. सोसायटीत वाद पेटला, की लोक आधी पैशांवर संशय घेतात आणि व्हाउचर मागतात. माझ्या अनुभवात व्हाउचरे सहसा सापडतात. जे सापडत नाही ते निराळे असते: कोण केव्हा सभासद झाला आणि सभेने नेमके काय ठरवले.

असायला हवे होते ते

सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम ६५ मध्ये ठेवावयाच्या पुस्तकांची यादी आहे: सभासद नोंदवही, भागांची (शेअरची) नोंदवही, सर्वसाधारण सभेचे व समितीच्या सभेचे अशी दोन स्वतंत्र इतिवृत्त पुस्तके, कीर्द, खतावण्या, मालमत्ता नोंदवही, लेखापरीक्षणातील आक्षेपांची व त्यांच्या पूर्ततेची नोंदवही. आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम, यात नामनिर्देशनाच्या (नॉमिनेशनच्या) नोंदवहीसारखी आणखी भर घालतात. सोसायट्यांच्या रोजच्या बोलण्यात यांपैकी दोन नावे सतत येतात, ती म्हणजे ‘आय रजिस्टर’ आणि ‘जे रजिस्टर’. जे नमुना ही सभासदांची केवळ यादी असते. निवडणूक जवळ आली की ती बाहेर निघते. आय नमुना ही खरी सभासद नोंदवही. तिच्यात प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र पान असते, आणि त्यावर प्रवेशाची तारीख, भागांचा तपशील, नामनिर्देशिताचे नाव व सभासदत्व संपल्याची तारीख आणि कारण लिहावे लागते. कलम ३८ या नोंदवहीला असे स्थान देते, की कोण केव्हा सभासद झाला व केव्हा राहिला नाही, याचा अन्यथा सिद्ध होईपर्यंत तीच पुरावा मानली जाते. म्हणजे सदनिकेच्या बाबतीत खरेदीखताचे जे मोल, तेच सभासदत्वाच्या बाबतीत आय रजिस्टरच्या पानाचे.

आमच्या पोत्यात आय रजिस्टर होते. लाल कापडी बांधणीचे, जाडजूड, दुकानातून आणलेले छापील. त्याची पहिली ११ पाने १९९७ च्या सुमारास सुंदर अक्षरात भरलेली होती. बाराव्या पानावर फक्त आडनाव होते आणि पुढे सर्व कोरे. जे नमुन्याची यादी मात्र दर निवडणुकीला संगणकावर नव्याने छापली गेली होती. नव्या यादीचा आधार जुनी यादी, तिचा आधार त्याहून जुनी, आणि त्या साखळीच्या मुळाशी कोणतीही नोंदवही नव्हती.

४२ सदनिका, १०,७५० रुपये

दप्तरातील पहिली गाठ पोत्यात सापडली नाही, ती ताळेबंदात सापडली. संस्था स्थापन झाली तेव्हा प्रत्येक सभासदाने ५० रुपयांचे पाच भाग घेतले होते. ४२ सभासद, २१० भाग, म्हणजे भागभांडवल १०,५०० रुपये व्हायला हवे. ताळेबंद १०,७५० दाखवत होता, आणि मागे जात राहिले तर २००४ च्या मार्चपर्यंतचे सगळेच ताळेबंद तेच दाखवत होते. २००३ चा मात्र १०,५०० होता. मधल्या १८ वर्षांत लेखापरीक्षक पाच बदलले, आकडा एकदाही बदलला नाही, आणि २५० रुपयांसाठी कोणी प्रश्नही विचारला नाही.

भागांची नोंदवही नव्हतीच. त्यामुळे आम्ही सूचना फलकावर नोटीस लावून सर्व सभासदांना मूळ भागदाखले, म्हणजे शेअर सर्टिफिकेटे, दाखवायला बोलावले. लागोपाठ चार रविवार पार्किंगमध्ये टेबल टाकून बसलो; दाखला यायचा, मोबाइलवर त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र निघायचे आणि एका वहीत दाखला क्रमांक, भाग क्रमांक व मागील बाजूच्या हस्तांतर नोंदी उतरवल्या जायच्या. भागदाखल्याची मागची बाजू फार बोलकी असते. एका दाखल्यावर तीन विक्री, तीन सचिवांच्या सह्या आणि दर वेळी निराळा शिक्का होता. दुसऱ्यावर हस्तांतराची तारीख होती, पण सहीच नव्हती. ४२ पैकी ३९ दाखले आले. उरलेल्यांपैकी दोघांचे बँकेत गहाण होते, एकाचे हरवले होते.

तिसऱ्या रविवारी मधल्या इमारतीतील एका सभासदाने आणलेला दाखला कोरा करकरीत होता. मागे एकही हस्तांतर नाही, आणि क्रमांक ४३. भाग क्रमांक २११ ते २१५. ४२ सदनिकांच्या संस्थेत त्रेचाळिसावा भागदाखला कोठून आला, हे कळायला त्यांचा खरेदीचा करारनामा पाहावा लागला. सदनिका त्यांनी २००३ मध्ये मूळ सभासदाकडून घेतली होती, आणि करारनाम्यात ‘दाखला क्रमांक १७, भाग क्रमांक ८१ ते ८५’ विकल्याचे स्पष्ट लिहिले होते. विकणाऱ्याने तो दाखला हातात दिला नव्हता, बहुधा विसरला. मग तेव्हाच्या सचिवांनी सोपा मार्ग काढला: खरेदीदाराकडून २५० रुपये नव्याने घेतले आणि त्याला नवा सभासद मानून नवा दाखला दिला. सतरावा दाखला रद्द झाला नाही, हस्तांतर नोंदले गेले नाही. कागदावर त्या एका सदनिकेचे दोन सभासद झाले, आणि त्यांतला एक १८ वर्षांपूर्वी सदनिका विकून गेलेला.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. लेखापरीक्षकांशी बोलून समितीने सविस्तर ठराव केला. २००३ च्या करारनाम्याच्या आधारे भाग ८१ ते ८५ चे हस्तांतर नोंदले, सतराव्या दाखल्याची दुय्यम प्रत सध्याच्या मालकाला दिली, त्रेचाळिसावा रद्द करून त्यावर आडवी रेघ ओढली आणि जास्तीचे २५० रुपये त्या सभासदाच्या मेंटेनन्सच्या खात्यात जमा केले. मार्च २०२३ च्या ताळेबंदात भागभांडवल पुन्हा १०,५०० झाले. एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे तेव्हा समितीतच दोघांनी विचारले होते.

शाईचा एकच रंग

दुसरी गाठ याहून बरीच अवघड निघाली. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पुस्तक पाहताना प्रथम समाधान वाटले, कारण २०१४ ते २०१८ या पाचही वर्षांच्या सभा ओळीने, खाडाखोड न करता लिहिलेल्या होत्या. खटकली ती त्यांची टापटीपच. पाच वर्षे एकच पेन, एकच निळी शाई, समासाची एकच रेघ. तरीही संशयाचा फायदा देता आला असता. पण ऑगस्ट २०१५ च्या सभेतील ठराव क्रमांक ६ असा होता: लिफ्टच्या वार्षिक देखभालीचे कंत्राट ‘१८ टक्के जीएसटीसह’ मंजूर. वस्तू व सेवा कर देशात लागू झाला १ जुलै २०१७ रोजी.

माजी सचिवांना मी एकटीच भेटायला गेले. त्यांनी काही लपवले नाही. सभांची टिपणे ते डायरीत घेत, इतिवृत्त ‘सवडीने’ लिहायचे म्हणून राहून जाई. पुढे लेखापरीक्षकांनी इतिवृत्त अपूर्ण असल्याचा आक्षेप घेतला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत बसून त्यांनी पाच वर्षांचे सलग लिहून काढले व सह्या घेतल्या. ‘‘खोटं एक अक्षर नाही त्यात, ताई. फक्त उशिरा लिहिलंय,’’ असे ते म्हणाले. कलम ८२ खाली संस्थेने निबंधकांकडे पाठवलेल्या दोषदुरुस्ती अहवालात, म्हणजे ‘ओ’ नमुन्यात, या आक्षेपापुढे ‘इतिवृत्त लिहून पूर्ण केले’ अशी पूर्तता नोंदलेली आहे. हे वाक्य शब्दशः खरे आहे, आणि त्यामुळेच ते वाचताना मला हसू आले होते.

प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नव्हता. थकबाकीवर सालीना २१ टक्के सरळ व्याज आकारण्याचा ठराव याच पुस्तकात होता. उपविधींतील कमाल मर्यादा तेवढीच होती. परंतु दर ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो आणि तिने तो ठरवला, याचा पुरावा म्हणजे इतिवृत्त. त्याच वेळी आम्ही एका जुन्या थकबाकीदाराविरुद्ध कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागण्याच्या तयारीत होतो आणि त्याच्या वकिलांनी व्याजाच्या ठरावाची प्रमाणित प्रत मागितली होती. ज्या पुस्तकात २०१५ सालीच जीएसटी अवतरला, त्यातील पानाची प्रत प्रमाणित करून देणे म्हणजे त्या पुस्तकातील प्रत्येक ठरावाची विश्वासार्हता पणाला लावणे होते.

समितीत तीन मते पडली. एक मत गप्प बसण्याचे: इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, पुढेही येणार नाही. दुसरे मत ते पान पुन्हा लिहून ‘जीएसटी’ काढून टाकण्याचे. आश्चर्य म्हणजे हे मत समितीतील सर्वांत तरुण सभासदाचे होते. तिसरे मत, जे शेवटी ठरले, ते पुस्तकाला हातही न लावण्याचे. उशिरा लिहिलेले इतिवृत्त ही चूक होती. आता त्यात फेरफार करणे हा अपराध ठरला असता. जून २०२२ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलावून सारी हकीकत सभासदांपुढे मांडली. सभा अडीच तास चालली आणि तीत बरेच उणेदुणे निघाले. अखेर मेंटेनन्सचे दर, दुरुस्ती निधीची वर्गणी व थकबाकीवरील व्याज यांविषयीचे ठराव सभेने त्या तारखेपासून पुढे लागू होतील असे नव्याने केले. मागील तारखेपासून काहीही कायम केले नाही. थकबाकीदाराकडून मूळ रक्कम हप्त्यांनी वसूल झाली. आधीच्या काळातील व्याजाचे सुमारे ६१ हजार रुपये मात्र संस्थेने सोडून दिले. काही सभासदांनी ते समितीच्या खिशातून भरून घ्यावेत असे सुचवले होते. तसे झाले नाही, आणि व्हायला नको होते असे माझे मत आहे.

पुनर्लेखन

आय रजिस्टर नव्याने लिहिताना याच प्रसंगाचा धडा उपयोगी पडला. हरवलेली माहिती गोळा करण्याचे मार्ग वाटतात त्याहून जास्त असतात. उपनिबंधकांच्या कार्यालयातील संस्थेच्या फाइलीत नोंदणीचा मूळ प्रस्ताव व प्रवर्तक सभासदांची यादी होती. येथे माहिती अधिकाराविषयी एक गैरसमज नेहमी आडवा येतो: सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळातील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले, की सरकारचे भरीव अर्थसाह्य वा नियंत्रण नसलेली सहकारी संस्था ही ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही, परंतु निबंधक ठरतात. म्हणून सोसायटीकडे माहितीचा अर्ज करून उपयोग नसला, तरी निबंधकांकडील फाइल त्या मार्गाने मिळवता येते. प्रत्येक सदनिकेच्या खरेदी-विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळाला. बाकीचा आधार भागदाखल्यांच्या मागील बाजूंनी व बँकेच्या जुन्या पासबुकांतील प्रवेश फीच्या जमेने दिला.

नव्या रजिस्टरच्या प्रत्येक पानावरील शेऱ्याच्या रकान्यात आम्ही एक ओळ न चुकता लिहिली: ‘सदर नोंद सन २०२२ मध्ये पुनर्लेखित, आधार:’ आणि पुढे त्या कागदाचे नाव. जेथे आधार मिळाला नाही तेथे रकाना कोरा ठेवला व ‘पुरावा उपलब्ध नाही’ असे लिहिले. अशी कोरी जागा सात पानांवर आहे. लाल बांधणीचे जुने रजिस्टर, त्याच्या ११ सुंदर पानांसह, नव्याच्या शेजारी ठेवले आहे.

नामनिर्देशनाच्या नोंदवहीची उणीव मात्र भरून काढता आली नाही, आणि तिचा फटका एका कुटुंबाला बसला. २०२० मध्ये एका सभासदाचे निधन झाले. धाकट्या मुलाकडे २००९ च्या नामनिर्देशनाची छायाप्रत होती, तिच्यावर संस्थेचा शिक्काही होता. थोरल्या बहिणीचे म्हणणे असे, की वडिलांनी नंतर ते बदलले होते. नोंदवही असती, आणि समितीच्या इतिवृत्तात नामनिर्देशनाची दखल घेतलेली असती, तर कलम १५४ब-१३ प्रमाणे नामनिर्देशिताला तात्पुरते सभासद करून घेणे हे एका बैठकीचे काम होते. सदनिकेची मालकी ठरवणे हा वारसांचा स्वतंत्र प्रश्न राहिला असता. नोंदच नसल्याने समितीने कोणाचीही बाजू घेतली नाही व वारसांकडून कायदेशीर कागद मागितला. भावंडांत नोंदणीकृत हक्कसोडपत्र होईपर्यंत तीन वर्षे गेली. तोवर सदनिकेला कुलूप होते. बहीण एकदा म्हणाली, की वडिलांनी अर्ज दिला तेव्हा पोच मागायला हवी होती. खरे पाहता पोच देणे हे संस्थेचेच काम होते.

सुनावणी

या सगळ्या खटाटोपामागे निकड होती ती जमिनीची. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा १९६३ चा अधिनियम, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, बिल्डरवर जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन घालतो. तो ते पाळत नसेल, तर कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे सक्षम प्राधिकारी म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. रोजच्या भाषेत डीम्ड कन्व्हेयन्स. आम्ही तो ऑगस्ट २०२३ मध्ये दाखल केला. सोबत सभासदांची यादी, करारनामे, इंडेक्स टू, मंजूर नकाशा आणि मिळकत पत्रिकेचा उतारा.

बिल्डरच्या वकिलांनी घेतलेला महत्त्वाचा आक्षेप एकच होता. त्यांनी संस्थेचे जुने ताळेबंद मिळवले होते. यादीत ४२ सभासद, भागभांडवल मात्र ४३ सभासदांचे. मग त्रेचाळिसावा कोण, आणि ज्या संस्थेला स्वतःचे सभासद मोजता येत नाहीत तिची यादी ग्राह्य कशी धरायची, असा त्यांचा सवाल होता. आम्ही समितीचा ठराव, २००३ चा करारनामा, रेघ मारलेला त्रेचाळिसावा दाखला आणि दुरुस्त ताळेबंद असे चार कागद पुढे ठेवले. त्या मुद्द्यावरची सुनावणी दहा मिनिटांत संपली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश संस्थेच्या बाजूने झाला.

सभासदांच्या दप्तर पाहण्याच्या हक्काबद्दल थोडे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे तो अधिनियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, दोन्ही प्रकारच्या सभांची इतिवृत्ते आणि सभासदाच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहता येतात, व शुल्क भरून प्रती मिळतात. आम्ही महिन्याचा दुसरा रविवार त्यासाठी ठेवला. पहिले तीन महिने गर्दी झाली, मग कोणी फिरकेना. ते २०१४ ते २०१८ चे पुस्तकही मागेल त्याला दाखवले जाते. त्याच्या आतल्या बाजूला विशेष सभेच्या ठरावाची प्रत चिकटवलेली आहे.

२०२४ च्या मे महिन्यात माजी सचिव मुलाकडे कायमचे राहायला बंगळुरूला निघाले. सामान बांधताना सापडलेल्या पाच डायऱ्या त्यांनी खाली आणून दिल्या. ऑगस्ट २०१५ च्या पानावर त्या सभेची पेन्सिलने घेतलेली टिपणे आहेत: हजेरी २३, गणपती वर्गणीवरून वाद, आणि सहाव्या क्रमांकाला ‘लिफ्ट एएमसी मंजूर, सर्व्हिस टॅक्स १४ टक्के वेगळा’. त्या वर्षीच्या १ जूनपासून सेवाकराचा दर तोच होता. डायऱ्यांची पोच त्यांना संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून दिली, आणि कपाटात त्या पुस्तकाशेजारी एकाच कापडात बांधून ठेवल्या आहेत.